इनास मिस्त्रींचा बल्ब

इनास मिस्त्रींवर अन्याय झाला तो १९९८ साली, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारानंतरच्या सोमवारी, सकाळी सव्वाआठ वाजता. त्या वेळी त्यांच्या डाव्या तळहातात एक छोटा बल्ब पेटलेला होता आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा त्याचा तांबूस उजेड पिकल्या चिकूच्या गरासारखा दिसत होता. वेळ मी इतक्या नेमकेपणाने सांगू शकतो, कारण त्यांच्या शेडसमोरच्या विजेच्या खांबाला खळ फासणारा हात माझा होता. त्यांनी मान वर करून पाहिलं, ओळखीचं हसले आणि पुन्हा तळहाताकडे वळले. मी पाण्याच्या मोर्चाचं पत्रक लावतो आहे, असं त्यांना वाटलं असावं. मी लावत होतो ते पत्रक त्यांच्याविषयी होतं. ‘सावधान. सर्व्हिसिंगच्या नावाखाली बॅटरीची चोरी.’ खाली त्यांचं नाव, गावासकट.

वसईजवळच्या उमेळ्याच्या वाड्यांमधून स्टेशनकडे जाणारा रस्ता जिथे केळीच्या सावलीतून बाहेर पडून बिल्डिंगांच्या सावलीत शिरतो, त्या दोन सावल्यांच्या सांध्यावर, चिंचेखाली, त्यांची पत्र्याची शेड होती. चैत्रात चिंचेला नवी पालवी फुटली की शेडवरचा प्रकाश कोवळा, पोपटी आणि किंचित आंबट होई. ऐन वैशाखात पत्रा तापून टणटण वाजू लागे आणि त्या नादातही, बंद पडलेल्या इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची लाकडी मूठ कानाशी लावून बसलेले इनासकाका एखाद्या पुरातन शिलालेखावर कान ठेवून बसल्यासारखे निश्चल दिसत. अंगाने वाळलेले, वर्णाने ओल्या मातीचे, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. बोलणं इतकं कमी की गिऱ्हाइकाला आपली गाडीच आपल्याशी अधिक बोलते असं वाटावं. “मानूस दुखला की बोंबलतो,” ते म्हणत, “गाडी गप ऱ्हाते. म्हनून तिला इचारावं लागते.”

विचारण्याची त्यांची साधनं दोन. एक हा बल्ब. जुन्या इंडिकेटरचा, दोन वायरी डकवलेला. काळजाच्या ठोक्यासाठी वैद्य नाडी धरतो तसा ते तो तळहातात धरत आणि वायरीची टोकं गाडीच्या नसानसांना लावत जात. मॅग्नेटच्या कॉइलमधून वीज निघते, रेग्युलेटरमधून गाळून पुढे जाते, बॅटरीत मुरते. या वाटेवर ती कुठे अडली हे बल्ब सांगे. वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी वाटेल ते बोलायला माणसं मोकळी असतात. पण इनासकाकांनी तिला दिसायला भाग पाडलं होतं. तो उजेड त्यांच्या हाताच्या रेषांमध्ये साचलेल्या काळ्या तेलावर पडे आणि रेषा सोनेरी होत.

दुसरं साधन जीभ. त्यांचे वडील मिठागरावर होते. कोंडीतलं पाणी मीठ धरण्याइतकं पिकलं की नाही हे थेंब जिभेवर टेकवून सांगायचं, हे काम पोरवयातच इनासकाकांकडे आलं होतं. पुढे मिठागर सुटलं, गाड्या आल्या, पण जीभ तीच राहिली. वायरींचा जोड उपसून ते त्याची पिन हलकेच जिभेला लावत, डोळे मिटत आणि थुंकून म्हणत, “खारं.” त्या एका शब्दात आमच्या सगळ्या नव्या वसाहतींचा इतिहास होता. आम्हा फ्लॅटवाल्यांना पिण्यापुरतं गोडं पाणी टँकरने येई. बाकी सगळं बोरिंगवर, आणि बोरिंगला समुद्र लागलेला. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात पाइप लावून गाड्या धुणं हा आमचा साप्ताहिक विधी. जुने गाववाले गाडी ओल्या पोत्याने पुसत. आम्ही धूत होतो, फेस काढून, खाऱ्या पाण्याने, शिट्टी वाजवत. इनासकाका प्रत्येकाला सांगत, “बोरिंगचं पानी मारू नका.” आणि आपलं कुणी ऐकणार नाही हे ठाऊक असल्यामुळे, सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक गाडीच्या सीटखालच्या जोडाला ग्रीस भरत, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा मोज्यासारखा चढवत आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एक बारीक क्रूस काढत. त्याचे वेगळे पैसे कधी मागितले नाहीत. कुणी विचारलंही नाही की हे काय आहे.

आता देवस्कर. मधुकर देवस्कर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि पाण्याच्या आंदोलनाचे पुढारी. मी त्यांना इथे अहोजाहो करतो आहे ते सवयीने, मानाने नव्हे. आवाज भरदार, शर्ट कडक, आणि कुठल्याही खोलीत शिरताना आपण यायच्या आधी ती अंधारात होती असा चेहरा. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि त्यांची सगळी पत्रकं मी लिहीत असे. स्टेन्सिल कापायचा मी, शाई फासायचा मी, खळ शिजवायचा मी. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे तिला किडा लागत नाही आणि गायी कागद ओरबाडत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं. वर्षभर टिकतो कागद, ते म्हणाले होते. या बाबतीत ते खरं बोलले.

त्यांची मोटरसायकल नवी होती. फेब्रुवारीत त्यांनी ती इनासकाकांकडे नेहमीच्या सर्व्हिसिंगला दिली. तेलपाणी झालं, चेन आवळली, गाडी घरी आली. मार्च संपता संपता तिचा हॉर्न शेळीच्या करडासारखा कण्हू लागला, इंडिकेटर लुकलुकायचे थांबून नुसते मंद जळत राहिले, ब्रेकचा लाल दिवा विझला. गाडी किकने सुरू होई, पुढचा दिवा इंजिनाच्या जोरावर लागे. पण बॅटरीवर जगणारं जे जे होतं ते सगळं मेलं. झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी देवस्कर माझ्या दारात आले. “सर्व्हिसिंगच्या आधी ठणठणीत होती, सर्व्हिसिंगनंतर महिन्यात गेली. त्याने नवी काढून जुनी घातली, उघड आहे. लिही रे, तुझ्या त्या भाषेत.” मी लिहिलं. शेडपर्यंत चालत जायला मला सात मिनिटं लागली असती. एका बाजूचं ऐकून लिहिण्याला मी तेव्हा बाजू घेणं म्हणत असे आणि त्याचा मला अभिमान होता. ‘श्रमिकाच्या बुरख्याआडचा लुटारू’ हे शब्द माझे. ते लिहून झाल्यावर मी चहा प्यायलो आणि चहा मला गोड लागला.

त्या आठवड्याचं इनासकाकांच्या लेखी काय मोल होतं, हे मला माहीत नव्हतं. पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. गुडघ्यांवर बसतात, तांब्याने पाणी घालतात, टॉवेलने पुसतात आणि पावलावर ओठ टेकवतात. गावातून दरवर्षी बारा माणसं निवडली जातात. त्या वर्षी अठ्ठावन्नाव्या वर्षी इनासकाकांचं नाव पहिल्यांदा आलं होतं. आधीच्या पंधरा दिवसांपासून ते रोज काम संपल्यावर रॉकेलच्या फडक्याने, मग राखेने, मग लिंबाच्या सालीने टाचांच्या भेगांतलं तेल काढत होते. सोमवारी कागद लागला. मंगळवारपर्यंत तो स्टेशनजवळच्या दुकानांत आणि चर्चच्या फाटकाशीही पोचला. मंगळवारी ते फादरांकडे गेले आणि कागद मागे घेतला गेला नाही तर माझे पाय नको, म्हणून सांगून आले. फादर समजूत घालत राहिले. यांनी ऐकलं नाही.

गुरुवारी सुट्टी होती. सकाळी नऊला इनासकाका आमच्या फाटकातून आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली स्वच्छ, जवळजवळ परक्या वाटणाऱ्या पावलांत साध्या चपला, आणि खिशातून लोंबणाऱ्या बल्बच्या दोन वायरी. आवाज चढला नाही. देवस्कर खाली उतरले. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली, कारण भांडण म्हणजे आमच्याकडे सुट्टीचा नाश्ता.

“ए लिवनाऱ्या,” काका मला म्हणाले, “तूपन थांब. कागद तुझा हाय ना?” मग देवस्करांना, “साहेब, बॅटरीचं कार्ड आना.”

“कार्ड कशाला? तुम्ही चार्जिंगचं बोला.”

“तेपन बोलू. पयलं चोरीचं बोलू.”

देवस्कर जागचे हलले नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या पाटकरकाकू कठड्यावर रेलून म्हणाल्या, “आणा की हो देवस्कर. कार्डच मागतायत, कुंडली नाही.” वरून हसू सांडलं आणि देवस्करांना वर जावंच लागलं.

गॅरंटीच्या त्या कार्डावर दुकानदाराने लिहिलेला बॅटरीचा नंबर होता. इनासकाकांनी साइडचं झाकण काढलं, बॅटरी अर्धी बाहेर ओढली आणि मला म्हणाले, “वाच. मोठ्यांदा.” मी वाचला. तोच नंबर होता, आकड्याला आकडा. चोरीचा माझा सगळा अलंकारिक इमला अशा एका ओळीत बसला, आणि ती ओळ देवस्करांच्या कपाटात, त्यांच्याच कुलपात होती. मागायला हवी होती फक्त. मी मागितली नव्हती.

“मग चार्जिंग का गेलं?” देवस्कर म्हणाले. त्यांचा आवाज अजून सभेतलाच होता. “सर्व्हिसिंगनंतरच गेलं ना?”

“तेच इचारूया तिला.”

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत सुंदर वीस मिनिटांपैकी आहेत आणि म्हणूनच ती आठवली की माझा संताप नव्याने पेटतो. काकांनी गाडी किकने सुरू केली, सीट काढून कॉइलकडून येणारी वायर मोकळी केली, बल्बचं एक टोक तिला आणि दुसरं इंजिनाच्या अंगाला लावलं. तळहातात पहाट झाली. त्यांनी अॅक्सिलरेटर पिळला तसा तो उजेड वाढत गेला, सोडला तसा ओसरला. “इथपरेंत ठीक.” मग रेग्युलेटरच्या पलीकडे, बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीवर त्यांनी तेच केलं. तळहात विझलेला राहिला. दोन बोटांच्या अंतरात कुठेतरी वीज मरत होती. मधला प्लास्टिकचा जोड त्यांनी दोन्ही हातांनी, शिंपला उघडावा तसा उघडला. आत पितळेच्या पिनांवर हिरवट निळी बुरशी फुलली होती. मोरचुदाचा रंग, माझ्या खळीच्या बादलीच्या कडेला राहतो तो. त्यांनी पिन जिभेला लावली. डोळे मिटले. बाजूला थुंकले.

“खारं. रैवारचं पानी.” मग त्यांनी जोड उलटासुलटा करून पाहिला. “आन ह्याच्यावरचं माजं रबर कुटं गेलं?”

“कसलं रबर?” देवस्कर म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण ते घाईने बोलले, “ती ट्यूबची चिंधी? काढली मी. नव्या गाडीत असलं भिकार जुगाड कशाला?”

“काढून टाकलं कुटं?”

देवस्करांनी नळाकडे पाठ केली. पण आवारातल्या बोरिंगच्या नळाला पाइप जिथे जोडतात, त्या गळक्या सांध्यावर रबराचा एक काळा तुकडा गुंडाळलेला मी रोज पाहत होतो, सगळेच पाहत होते. इनासकाका चालत तिकडे गेले आणि अंगठ्याने त्यावरचा चिखल पुसला. पांढरा बारीक क्रूस वर आला. ज्या तुकड्याने खारं पाणी थोपवायचं, तोच नळाला बांधून देवस्कर दर रविवारी ते पाणी गाडीवर मारत होते. पाटकरकाकू आत निघून गेल्या.

काकांनी पिना पॉलिश पेपरने घासल्या, ग्रीस भरलं, जोड दाबून बसवला, रबर धुऊन पुन्हा चढवलं. दहा मिनिटं गाडी चालू ठेवून त्यांनी हॉर्नवर अंगठा ठेवला, आणि तो इतका खणखणीत वाजला की वाडीतल्या केळींवरून बगळे उडाले.

“ठीक आहे मिस्त्री,” देवस्कर म्हणाले. “गैरसमज झाला. विषय संपला.”

“तुमचा संपला. सांजच्याला देवळात फादर पाय धुनार, त्यात मी हाय. नाव कागदाने गेलंय, ते कागदानेच परत यायला पायजे. चार ओळी द्या. चार वाजेपरेंत.”

“बघू,” देवस्कर म्हणाले.

बघू. कुणालाही मारायचं असेल तर मराठीत एवढा एक शब्द पुरतो. जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मंगळवारी मोर्चा आहे. सेक्रेटरीच खोटा निघाला असं आपणच छापलं तर मागे कोण येईल? एका माणसाचं नाव मोठं की हजार घरांचं पाणी मोठं?” स्टेन्सिल माझ्या टेबलावर होता. शाई ताजी होती. मी मान डोलावली आणि त्या डोलावण्याला शिस्त असं नाव दिलं.

दुपारी मी गच्चीवर गेलो. तिथून शेड दिसे. इनासकाका बाकावर बसले होते, चपला काढून, ती घासून पांढरी केलेली पावलं मातीला लागू नयेत म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून. तळहातात बल्ब होता. तो कशालाच लावलेला नव्हता. चिंचेची सावली त्यांच्या पायांवरून सरकत गेली, खांबावरच्या कागदाला टेकली, पुढे गेली. चार वाजले. साडेचार झाले. मग ते उठले, कोपऱ्यातल्या तेलकट चपलांमध्ये त्यांनी पाय घातले आणि उभ्या असलेल्या एका गाडीची चेन सोडवायला बसले. संध्याकाळी मी चर्चच्या दाराबाहेर उभा होतो. बारा खुर्च्या भरलेल्या होत्या, काकांच्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं. पाण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, आणि त्या आवाजात काकांच्या वाट्याचा तांब्या नव्हता हे तिथे फक्त मला आणि फादरांना ऐकू येत होतं.

मोर्चा झाला. पुढे पाणी आलं, गोडं आलं, देवस्करांच्या गळ्यात हार पडला. शेडवर येणारी गाड्यांची रांग तुटत गेली आणि गणपतीच्या सुमारास पत्र्याला कुलूप लागलं. मोर्चानंतर मी छापायला बसलो नाही, आता उशीर झाला म्हणून. मग वर्ष गेल्यावर, आता कशाला म्हणून. इनासकाकांना मी रस्त्यात भेटे. ते हसत. एकदा म्हणाले, “कसं चाललंय लिवनं?” टोमणा असता तर बरं झालं असतं, ते खरंच विचारत होते. खांबावरचा कागद त्यांनी कधी फाडला नाही. “ज्याने लावला त्याने काढावा,” असं ते त्यांच्या बायकोला, मार्थाकाकीला म्हणाले होते, हे मला ते गेल्यावर कळलं.

या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, ते गेले. दफनभूमीत देवस्कर पांढऱ्या कपड्यांत आले, हात जोडून उभे राहिले आणि कुणी न सांगता दोन शब्द बोलले. “अत्यंत प्रामाणिक माणूस. असे कारागीर आता होणे नाही.” मी समोर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, जिन्यात मी डोलावली होती तशी. त्याच क्षणी मी ठरवलं. दुःखाने नव्हे, लाजेनेही नव्हे. ती माझी मी निस्तरीन. मला सूड हवा आहे, आणि तो मला जिवंत माणसावर, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच फाटकावर हवा आहे. जो जिवंतपणी चार ओळी देत नाही, त्याला मेलेल्यावर दोन शब्द उधळण्याचा अधिकार नाही.

म्हणून त्या चार ओळी, तीन वर्षं उशिरा, या घ्या. इनास मिस्त्री यांनी बॅटरी चोरली नाही. त्यांनी लावलेलं रबर मधुकर देवस्कर यांनी स्वतः काढलं आणि खाऱ्या पाण्याने स्वतःची गाडी स्वतः बिघडवली. हे त्यांना १९९८ सालच्या पवित्र गुरुवारी सकाळी दहाच्या आत कळलं होतं. तेव्हापासून ते गप्प आहेत, आणि तेव्हापासून मीही गप्प होतो.

काळ काही पुसत नाही, तो फक्त शाई उडवतो; खांबावरच्या त्या कागदावरचं ‘सावधान’ उन्हाने केव्हाच नेलं, इनासकाकांचं नाव मात्र सावलीच्या बाजूला असल्यामुळे अजून वाचता येतं, आणि बल्ब धरणारा तो तळहात आता कुठल्याच शेडमध्ये पेटत नाही. तो कागद मी उद्या सकाळी सव्वाआठला माझ्या हाताने खरवडणार आहे. माझं काम तेवढं. तुमचं काम हे: हे पान आत्ता फाडा. वसईत राहत असाल तर आमच्या सोसायटीच्या फाटकावर या आणि देवस्कर कामावर निघायच्या आत ते तिथे चिकटवा. लांब राहत असाल तर तुमच्या वस्तीतला तो खांब शोधा, ज्याच्यावरचं एखाद्या कारागिराचं नाव तुम्ही वाचलंत, खरं मानलंत आणि पुढे गेलात. त्याच्या दारात जाऊन त्याला विचारा आणि मग तिथे चिकटवा. खळ स्वतः शिजवा. मोरचूद घाला.